बारवेच्या गावात बेसचा हिशेब

सेलू तालुक्यातल्या वालूरची ओळख तिथल्या बारवेमुळे आहे. पायऱ्या सरळ खाली न उतरता गोल फिरत पाण्यापर्यंत जातात. गावकऱ्यांनी गाळ उपसून ती मोकळी केल्यापासून माणसं लांबून बघायला येतात. मीही त्यासाठीच गेलो होतो, पण निम्मा दिवस गेला तो भाच्याच्या ट्रॅक्टरपाशी.

गळीत हंगामात रात्र रात्र उसाची ट्रॉली ओढणाऱ्याला झोपेशी झगडायचं असतं आणि त्या झगड्यातलं हत्यार म्हणजे टेप. भाच्याने ट्रॅक्टरच्या हुडाखाली कारचे दोन बारा इंची वूफर बसवले होते. दुखणं त्याने एका वाक्यात सांगितलं. "मामा, अँप नवंय, पण एक गाणं वाजतंय अन् दुसऱ्याला लाल लाईट लागतीय."

तो लाल दिवा म्हणजे प्रोटेक्ट. अँप, म्हणजे अँप्लिफायर, स्वतःला वाचवायला बंद पडत होतं, म्हणजे बिघाड बहुधा त्याच्यात नव्हता. जोडणी बघितली आणि उलगडा झाला.

वूफरच्या पोटात, त्या बारवेच्या पायऱ्यांसारखीच, नळीभोवती गोल गोल गुंडाळलेली तार असते. तिला कॉइल म्हणतात. ती विजेला जो अडथळा करते तो ओहममध्ये मोजतात. हे नाव गेऑर्ग ओहम या जर्मन माणसाचं, ज्याने आपला नियम 1827 साली पुस्तकात मांडला. भाच्याचे वूफर डबल कॉइलचे, प्रत्येक कॉइल 4 ओहमची. म्हणजे दोन डब्यांत मिळून चार कॉइली. दुकानात त्या चारही पॅरलल जोडून दिल्या होत्या.

शेतकऱ्याच्या पोराला पॅरलल समजवायला वहीची गरज नाही. दांडाला एकाऐवजी चार दारं फोडली की पाण्याला वाट चौपट होते. अडथळा चौथाई, म्हणजे 4 ओहमचा 1 ओहम. सिरीज म्हणजे एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाणारं पाणी, तिथे अडथळ्यांची बेरीज होते. दारं फोडायला काही लागत नाही हो, पण मोटारीने तेवढं पाणी द्यायला हवं ना! अँपच्या पाठीवर लिहिलं होतं : 2 ओहमला 1000 वॉट, 4 ओहमला 600. एक ओहमचं नावच नव्हतं. 2 ओहमला 1000 वॉट देताना अँपमधून साधारण 22 अँपिअर बाहेर जातात. त्याच दाबावर 1 ओहम लावला तर मागणी 45 अँपिअरची होते. अँप तापणार नाही तर काय?

"मग दोन ओहम करू की," भाचा म्हणाला. इथेच खरी गोम आहे. 4-4 च्या चार कॉइलींना सारखी ताकद द्यायची तर त्यांतून 1, 4 किंवा 16 ओहमच निघतात. 2 निघतच नाही. 2 हवा असेल तर खरेदीच्या वेळी 2-2 चे वूफर घ्यायचे, प्रत्येकाच्या कॉइली सिरीजमध्ये जोडून 4 करायचे आणि ते दोन 4 पॅरलल. म्हणून आधी अँप वाचावं, मग वूफर निवडावा. आपल्याकडे मात्र आधी दिसायला दणकट वूफर येतो.

आम्ही प्रत्येक वूफरच्या दोन कॉइली सिरीजमध्ये घेतल्या, 8 झाले. दोन 8 पॅरलल, 4 झाले. मल्टिमीटरवर मात्र साडेतीन दिसले आणि भाचा चमकला. ते बरोबरच असतं. मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतं. वाजत असताना तो आकडा सुराबरोबर वरखाली होत राहतो. वूफरच्या पाठीवरचा 4 हा नावापुरता.

"पण 1000 चे 600 झाले ना मामा?" झाले. कानाला मात्र तो फरक दोन-सव्वादोन डेसिबलचा. ताकद दुप्पट केली तरी 3 डेसिबलच वाढतात, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहापट ताकद लागते. त्या एवढ्याशा फरकासाठी लोक अँप जाळतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

खरा बेस चोरला जातो तो वेगळ्याच चुकीने. दोनपैकी एका वूफरचे अधिक-उणे उलटे लागले तर एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो आणि बेस एकमेकांत विरतो. हे तपासायला घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. अँपपासून सोडवलेल्या वूफरच्या अधिकला सेलचं अधिक क्षणभर टेकवायचं, पडदा बाहेर उचलायला हवा. भाच्याचा एक आत गेला! तारा फिरवल्या.

संध्याकाळी ट्रॅक्टर सुरू करून चार गाणी सलग वाजवली, लाल दिवा लागला नाही. प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मात्र डोळा मिचकावत होते. 600 वॉटसाठीही बॅटरीच्या बाजूने पन्नासेक अँपिअर लागतात आणि अनेक ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर चाळिसाच्या आसपास देतो. शिवाय बॅटरीपासून अँपपर्यंतची तार करंगळीपेक्षा बारीक आणि फ्यूज पार अँपजवळ. तो बॅटरीपासून वीतभरावर हवा, नाहीतर मध्ये तार घासून पत्र्याला टेकली तर जाळ होतो.

तेवढ्यात ओसरीवरून ताईची हाक आली. निवासी भागात रात्री 10 नंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे हे मी भाच्याला सांगणार होतो, पण ताईच्या एका हाकेत टेप बंद झाला. फ्यूज सकाळी बॅटरीकडे सरकवायचा ठरला.