अळूचं तळं आणि गुलाबी कबूतर

मॉरिशसमधल्या पहिल्या सकाळी मी वहीत पाच पक्षी टिपले. साळुंकी, शिपाई बुलबुल, चिमणी, ठिपकेवाला होला आणि लालभडक रंगाचा चिमणीएवढा एक अनोळखी पक्षी. पश्चिम किनाऱ्यावर एका साध्या लॉजच्या गच्चीवर आम्ही दोघं चहा पीत होतो. समोर सुरूची रांग, तिच्यापलीकडे उथळ हिरवं पाणी आणि लांब, पोवळ्यांच्या कड्यावर फुटणारी पांढरी लाट. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, सहा तास विमानात बसून डोंबिवलीचेच पक्षी मोजताय का?"

ती थट्टा करत होती, पण मला तो प्रश्न बोचला. वर्षानुवर्षं बाजूला टाकलेल्या पैशांतून ही आठ दिवसांची सहल होती. ठरवलं होतं की या वेळी अभ्यास नाही, नुसतं हिंडायचं. जीवशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. एका कचेरीत हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलं, आणि बेटांवरच्या प्राण्यापक्ष्यांचं वाचन रात्री जेवणानंतर झालं. तरीही त्या यादीनं सुट्टीचा बेत मोडला. कारण पाचांपैकी एकही पक्षी त्या बेटाचा नव्हता.

साळुंकी १७६२ मध्ये हिंदुस्थानातून नेली गेली. उसावरची टोळधाड तिनं खावी अशी फ्रेंचांची अपेक्षा होती. बुलबुल १८९२ मध्ये आला. लाल पक्षी शेजारच्या मादागास्करचा. समोरची सुरू लावलेली, ऊस डचांनी आणलेला, रस्त्याकडेचा फुललेला गुलमोहरही मादागास्करचा (आपल्याकडचाही तिथलाच, पण आपण ते कधीच विसरून गेलो आहोत). डोंगरात दिसणारं हरीण हे आपल्या सांबराचं जावा बेटावरचं भाऊबंद. तेही डचांनी १६३९ मध्ये आणून सोडलं. ज्याला आपण 'निसर्गरम्य' म्हणून फोटोत पकडतो, त्यातलं बहुतेक सगळं जहाजातून उतरलेलं आहे. चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल उरलं आहे ते बेटाच्या दोन टक्क्यांहून कमी जमिनीवर.

हे बेट ज्वालामुखीतून वर आलं, सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी. कुठल्याही खंडाला ते कधी जोडलेलं नव्हतं. त्यामुळे उडत, पोहत किंवा वाहत जे पोहोचलं तेवढंच तिथे रुजलं. जमिनीवरचे सस्तन प्राणी पोहोचलेच नाहीत. अपवाद फक्त वटवाघळांचा. उंदीर नाही, मांजर नाही, डुक्कर नाही. अशा ठिकाणी पक्ष्याला उडण्याची गरज राहत नाही आणि जमिनीवर अंडं घालण्यात धोका नसतो. डोडो असा घडला. तोही कबुतराच्याच कुळातला. १५९८ मध्ये डच उतरले आणि डोडो पाहिल्याची शेवटची विश्वासार्ह मानली जाणारी नोंद १६६२ सालची आहे. म्हणजे चौसष्ट वर्षं. खलाशांनी तो खाऊन संपवला ही गोष्ट अर्धवट आहे. जहाजांतून उतरलेले उंदीर, डुकरं आणि माकडं यांनी अंडी आणि पिल्लं खाल्ली. तो घाव मोठा होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही किनारा सोडून पठारावर, वाक्वा गावाजवळ राहायला गेलो. घरच्याच दोन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या एका मराठी बाई तिथे राहतात. आल्या आल्या त्यांनी व्हॅनिलाचा वास असलेला चहा दिला आणि म्हणाल्या, "आमचं मराठी पुस्तकातलं आहे हो, तुम्ही हसू नका." घरात क्रिओल चालते, वर्तमानपत्र फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी. मराठी शाळेत शिकायची आणि गणपतीत बोलायची. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि रत्नागिरीकडचं जाखडी नृत्य तिथे 'झाकरी' होऊन टिकलं आहे.

त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर एका जुन्या नोंदीची नक्कल चौकटीत लावलेली होती. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख हिंदी मजूर करारावर या बेटावर आणले गेले. बहुतेक बिहारकडचे आणि मद्रासकडचे. मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक त्यांच्यात थोडे. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, आज जागतिक वारसा असलेल्या आप्रवासी घाटावर, ते उतरत. प्रत्येकाला क्रमांक मिळे, आणि वहीत नाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण, जिल्हा. ही दप्तरं आता मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. बाईंनी पणजोबांची नोंद तिथूनच मिळवली होती. पणजोबांचं पहिलं नाव हेच आता घराण्याचं आडनाव आहे. गावचं आडनाव त्या वहीत शिरलंच नाही.

परसात लिचीचं मोठं झाड होतं आणि त्यावर पांढरी जाळी. नोव्हेंबर म्हणजे लिचीचा हंगाम. वटवाघळांचं काय करता, असं मी सहज विचारलं. बाईंचा मुलगा तावातावानं म्हणाला, "मारायला हवीत. आम्ही वर्षभर झाड सांभाळायचं आणि त्यांनी एका रात्रीत खायचं?" सरकारनं २०१५ पासून हजारोंनी वटवाघळं मारली आहेत, आणि २०१८ मध्ये त्यांची नोंद 'संकटग्रस्त' जातींत झाली. मूळ जंगलाच्या झाडांच्या बिया दूर नेऊन टाकणारं मोठं जनावर आता तेवढंच उरलं आहे. मी हे सांगू लागलो तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "जाळीला पैसे पडतात. तुम्ही पाहुणे, तुम्ही बियांचं बोलता. तो फळांचं बोलतो." यावर मी गप्प बसलो. जाळी हाच खरा उपाय आहे असं मला अजूनही वाटतं. पण जाळीचा खर्च मला करायचा नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी बसनं गंगा तलावाला गेलो. डोंगरातलं तळं, धुकं, आणि रस्त्यालगत शंकराची १०८ फुटी मूर्ती. काठावर माकडांची टोळी होती. एक पिल्लाची आई हात पुढे करून बसली होती. मी तिला केळं दिलं, मग दुसरं. फार समाधान वाटलं. त्या समाधानाचं पुढे काय झालं ते यथावकाश सांगतो.

तळ्यापासून जवळच ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. दऱ्या, धबधबे, आणि लांब खाली समुद्राचा निळा तुकडा. वाट सुरेख आहे. पण दोन्ही बाजूंना दाटलेली झुडपं पाहून 'काय घनदाट जंगल' म्हणालात तर फसाल. तो बहुतेक ब्राझीलकडचा पेरू आहे, जो मूळ झाडांची रोपटी उगवूच देत नाही. खरं जंगल पाहायचं तर कुंपणाआडचे तुकडे पाहावेत. हरणं आणि डुकरं आत येऊ नयेत म्हणून कुंपण, आणि आतली परकी झाडं माणसांनी हातानं उपटायची. शेतातली बेणणी करतात तशी जंगलाची बेणणी मी तिथे पहिल्यांदा पाहिली.

याच दऱ्यांत आपल्या खरूचीची एक चुलत बहीण राहते, मॉरिशसची खरूची. मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी आणि तुटलेलं जंगल यांमुळे १९७४ मध्ये रानात तिच्या जातीचे चारच पक्षी माहीत होते आणि त्यांत अंडी घालणारी मादी एक. १९७९ मध्ये कार्ल जोन्स हा वेल्सचा तरुण तिथे आला, तो खरं तर प्रकल्प गुंडाळण्यासाठी. त्यानं उलट केलं. घरट्यातली पहिली अंडी काढून घेतली तर मादी पुन्हा अंडी घालते, एवढ्या साध्या गोष्टीवर त्यानं भिस्त ठेवली. काढलेली अंडी उबवणी यंत्रात उबवली, पिल्लं हातानं वाढवली, रानातल्या जोडीला उंदीर खाऊ घातले, लाकडी घरटी टांगली. आज ती जात काही शेकड्यांत आहे. मला तिचं दर्शन झालं ते एवढंच : कड्यावरून एक तपकिरी रेघ खाली गेली.

इथे एक जुनी चूक दुरुस्त करायची आहे. वीस वर्षांपूर्वी एका साप्ताहिकाच्या मुलांच्या पानात मी लिहिलं होतं की, मॉरिशसवरच्या तांबालाकोक झाडाची बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही, म्हणून डोडो गेल्यापासून ते झाड तीनशे वर्षं वांझ आहे. गोष्ट कोणालाही आवडावी अशी. १९७७ मध्ये स्टॅनली टेंपल या शास्त्रज्ञानं 'सायन्स' नियतकालिकात ती मांडली होती. डोडोऐवजी त्यानं टर्की कोंबड्यांना सतरा बिया खाऊ घातल्या आणि त्यांतल्या तीन रुजल्या. पण बिया न खाऊ घालता किती रुजतात, ही तुलना त्यानं केलीच नव्हती. १९७९ मध्ये त्याच नियतकालिकात मॉरिशसच्या वनखात्यातून उत्तर आलं : रोपवाटिकेत ही बी कोणाच्याही पोटात न जाता रुजते, आणि तीनशे वर्षांहून तरुण झाडं जंगलात उभी आहेत. मी वाचलं होतं ते पहिलं, दुसरं नव्हे. ज्या मुलांनी ते पान वाचलं ती आता तिशीला आली असतील.

शेवटचे दोन दिवस आग्नेय किनाऱ्यावर माहेबुर्गला काढले. विमानतळ तिथून जवळ, आणि विमानतळाच्या शेजारीच उसाच्या शेतांमध्ये 'मार ओ साँज' नावाची दलदल आहे. तिथल्या बोलीत 'साँज' म्हणजे अळू. तेव्हा सरळ 'अळूचं तळं' म्हणू. जगातल्या बऱ्याच संग्रहालयांत उभा असलेला डोडोचा सांगाडा हा या तळ्यातल्या अनेक पक्ष्यांची हाडं जोडून केलेला आहे.

जॉर्ज क्लार्क हा माहेबुर्गचा शाळामास्तर. डोडोची हाडं शोधायची त्याला अनेक वर्षांची हौस. १८६५ मध्ये ती त्याला या तळ्यात सापडली. म्हणजे कशी, ते त्यानंच लिहिलं आहे : तळ्याच्या मध्यावर, तीनेक फूट पाण्यात त्यानं माणसं उतरवली, आणि चिखलात अनवाणी पावलांनी चाचपडताना त्यांना हाडं लागली. रेल्वेचा इंजिनिअर हॅरी हिगिन्सन याच्या आठवणींनुसार तर आधी हिंदी मजूरच तळ्यातला गाळ काढताना हाडांचे ढीग बाजूला लावत होते. ते पाहून त्यानं क्लार्कला कळवलं. पुढे लंडनमध्ये रिचर्ड ओवेननं त्या हाडांवर शोधनिबंध लिहिला, काही हाडं लिलावात गेली. क्लार्कच्या लेखात जमीनमालकाचं नाव आहे. पाण्यात उतरलेल्यांचं नाही. वाक्वाच्या भिंतीवरची ती चौकट आठवली. ज्यांची उंची आणि अंगावरची खूणसुद्धा सरकारनं लिहून ठेवली, त्यांना पायाला काय लागलं ते लिहिताना नाव लागलं नाही.

(जाता जाता : जिवंत डोडो आपल्याकडेही आला होता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशानं सुरतेला दोन पाहिल्याचं लिहिलं आहे, आणि जहांगीरचा चित्रकार मन्सूर याच्या नावावर असलेलं १६२५ च्या सुमाराचं डोडोचं चित्र आज सेंट पीटर्सबर्गला आहे. डोडोच्या उत्तम चित्रांपैकी ते एक मानतात.)

माहेबुर्गजवळून होडीनं दहा मिनिटांत ईल ओ झेग्रेत. सव्वीस हेक्टरांचा पोवळ्याच्या खडकाचा तुकडा. उंदीर आणि मांजरं काढून टाकलेली, मूळ झाडं पुन्हा लावलेली. दगडांसारखी पडलेली मोठमोठी कासवं दिसली, तीही इथली नव्हेत. मॉरिशसच्या दोन्ही मूळ जाती संपल्या, म्हणून सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाच्या जातीची कासवं त्यांच्या जागी आणली. ती आबनुसाची फळं खातात. आबनूस म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं झाड. कासवाच्या पोटातून गेलेली बी जास्त चांगली रुजते आणि झाडं तोडून उघड्या पडलेल्या जागी जाऊन पडते, हे मात्र तपासून सिद्ध झालं आहे. डोडोच्या गोष्टीत जे खोटं ठरलं ते कासवाच्या बाबतीत खरं निघालं.

आम्हाला बेट दाखवणारा तरुण तिथलाच. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे जहाज याच बेटाजवळच्या पोवळ्यांवर चढलं आणि ६ ऑगस्टपासून सुमारे हजार टन तेल पाण्यात आलं. गावच्या लोकांनी उसाची पाचट कापडात भरून लांब वळकट्या शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यावर सोडल्या. त्यानंही शिवल्या होत्या. बेटावरची दुर्मीळ रोपं, पाली आणि पक्षी तेव्हा मुख्य भूमीवर हलवावे लागले.

मग गुलाबी कबूतर. १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरलं होतं, आता पाचशेच्या घरात आहे. मी विचारलं, मूळ शत्रू कोण? तो म्हणाला, "उंदीर, मांजर. आणि माकड. घरट्यातली अंडी खातं. इथे माकड नाही, पण डोंगरातल्या कबुतरांना फार त्रास. लोक माकडांना केळी घालतात ना, मग ती वाढतात." सौभाग्यवतीनं माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे.

एका मोकळ्या जागी पत्र्याचं खाद्यपात्र टांगलेलं होतं. त्यात रोज दाणे भरावे लागतात. जंगल इतकं तुटपुंजं आहे की नुसत्या त्याच्यावर कबुतरांचं भागत नाही. आम्ही वीस मिनिटं न बोलता उभे होतो. मग फांद्यांत फडफड झाली आणि एक कबूतर पात्राच्या कडेवर उतरलं. फिकट गुलाबी छाती, तपकिरी पंख, विटकरी शेपटी. दोन्ही पायांत रंगीत कडी होती. तरुणानं दुर्बीण लावली, कड्यांचे रंग आणि क्रमांक वाचले, आणि खिशातली वही काढून तारखेखाली त्याची नोंद केली.