टेकवायचे कार्ड

आपण बाजाराला निघतो. बाया बटवा घेतात. गडीमाणसे कनवटीला पैसे लावतात. कनवटीचे पैसे हाताशी असतात. लागले की काढावे, दिले की झाले. पण तेच पैसे वाटेत पडले तर? ज्याला सापडतील त्याचे! बँकेतल्या पैशांचे तसे नाही. पासबुक हरवले, म्हणून पैसे हरवत नाहीत.

हे दोन्ही तऱ्हेचे पैसे आता एकाच कार्डात राहू शकतात. ते कसे, हे आज आपण पाहू.

मुंबई, पुणे, नागपूर या शहरांत मेट्रो नावाची विजेची गाडी आहे. स्टेशनात शिरताना फाटक लागते. फाटकाला यंत्र असते. यंत्राला कार्ड टेकवले की फाटक उघडते. उतरल्यावर बाहेर पडताना पुन्हा टेकवायचे. आपण किती लांब आलो, हे यंत्राला कळते. तेवढे भाडे कार्डातून कापले जाते. रांग नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. मात्र एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायको असतील, तर कार्डे दोन हवीत.

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर हाँगकाँग नावाचे मोठे शहर आहे. तेथे १९९७ साली असे कार्ड सुरू झाले. त्याचे नाव ऑक्टोपस. आधी ते गाडीभाड्यापुरते होते. पुढे लोक त्याच कार्डावर दुकानात खरेदी करू लागले. आपल्या देशात सगळीकडे चालावे असे कार्ड ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेस सुरू झाले. मेट्रो, बस आणि दुकान, तिन्हींकडे एकच कार्ड चालावे, हा त्यातला हेतू.

आम्हांला पुष्कळ जण विचारतात, "अहो, कार्डात ना बॅटरी, ना वायर. मग ते बोलतं कसं?"

सायकलचा डायनॅमो आठवा. चाक फिरते. त्याबरोबर डायनॅमोतले लोहचुंबक फिरते. शेजारी तारेचे वेटोळे असते. त्यात वीज तयार होते आणि दिवा लागतो. ही गोष्ट मायकेल फॅरडे यांनी इंग्लंडात १८३१ साली दाखवून दिली. कार्डाच्या पोटातही बारीक तारेचे वेटोळे असते. फाटकावरच्या यंत्रातून चुंबकाची शक्ती सारखी उलटसुलट होत असते. कार्ड जवळ नेले की त्याच्या वेटोळ्यात थोडी वीज येते. तेवढ्या विजेवर कार्डातला चिमुकला तुकडा जागा होतो. त्याला चिप म्हणतात. चिप आपली ओळख सांगते आणि हिशेब करते. ही वीज चार-पाच बोटांच्या अंतरापर्यंतच पोचते. म्हणून कार्ड अगदी जवळ न्यावे लागते.

आता मुख्य गोष्ट. बँकेच्या खात्याला जोडलेल्या अशा कार्डात दोन कप्पे असतात.

पहिला कप्पा चिपमध्येच असतो. त्यात आपण आधी पैसे भरतो. गाडीभाडे त्यातून जाते. हे कनवटीचे पैसे समजा. कार्ड हरवले, की हे पैसे गेले असेच धरावे. म्हणून त्यात चार दिवसांच्या भाड्यापुरतेच पैसे ठेवा.

दुसरा कप्पा म्हणजे आपले बँकेचे खाते. दुकानात पैसे जातात, ते यातून. येथे एक धोका आहे. १ जानेवारी २०२१ पासून एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी नुसते कार्ड टेकवून करता येते. गुप्त आकडा, म्हणजे पिन, लागत नाही. कार्ड चोराच्या हाती पडले, तर तोही टेकवू शकतो! पण बँकेला कळवले, की बँक ते कार्ड बंद करते. मग खात्यातले पैसे सुरक्षित राहतात. म्हणून कार्ड हरवले, की "उद्या बघू" म्हणू नका. त्याच घटकेला बँकेला फोन करा. टेकवून पैसे देण्याची सोय नको असेल, तर तीही बँकेकडून बंद करून घेता येते.

दुकानात कार्ड टेकवण्याआधी यंत्रावरचा आकडा वाचा. १५० रुपये देणे असेल, तर तेथे १५० च दिसले पाहिजेत. १,५०० दिसले, तर हात मागे घ्या. पिन कोणी विचारला तरी सांगू नका. बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही.

आणखी एक. बँकेचा फोन नंबर कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. पण कार्डच हरवले, तर तो वाचणार कोठून? म्हणून तो नंबर आजच घरच्या वहीत उतरवून ठेवा. दुसऱ्या कोणाला सांगायला नको. आता आपल्याला लिहिता येते!