विश्लेषण : कोकण किनाऱ्यावरची गावे टिकवायची तर कोणत्या लोकप्रतिनिधीच्या हाती काय आहे?

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ वरून १६ लाख १५ हजार ६९ वर आली, तर सिंधुदुर्गची ८ लाख ६८ हजार ८२५ वरून ८ लाख ४९ हजार ६५१ वर. दोन जिल्ह्यांत मिळून एक लाखाहून थोडी अधिक माणसे कमी झाली. निवडणूक जवळ आली की या किनाऱ्याला बंदर, प्रकल्प, महामार्ग यांची आश्वासने मिळतात. पण गाव राहते की उठते, हे बहुतेक वेळा त्याहून लहान आणि कंटाळवाण्या निर्णयांवर ठरते. ते निर्णय कोण घेते, आणि कुठे अडतात?

गावे रिकामी होतात म्हणजे काय होते?

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. राज्याची सरासरी ९२९ होती. हा आकडा भाषणात अभिमानाने सांगितला जातो, पण त्यात कौतुकाइतकाच घरातल्या पुरुषाच्या गैरहजेरीचाही वाटा आहे. तो मुंबईत आहे. पूर्वी त्याची मनीऑर्डर यायची, आता मोबाइलवर पैसे येतात. गणपतीत आणि शिमग्यात घर भरते, एरवी त्याला कुलूप किंवा आत दोन म्हातारी माणसे.

पूर्वी चाकरमानी एकटा जायचा, बायकामुले गावी राहायची. आता तरुण जोडपे मुलांसह जाते. मग शाळेचा पट घसरतो, पट घसरला की शिक्षकाचे पद जाते, प्रवासी कमी म्हणून एसटीची फेरी बंद होते, आणि उरलेले कुटुंबही मुलाच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी खोली घेते.

मच्छीमार वस्तीचे गणित थोडे निराळे आहे. डोंगराकडच्या वाडीतल्या माणसाला रोजगारासाठी मुंबई गाठावी लागते, पण गाबीत, खारवी, कोळी, दालदी यांच्या दारातच समुद्र आहे. तरीही इथला मुलगा गोव्यातल्या हॉटेलात नोकरी शोधतो आणि रत्नागिरीच्या मोठ्या नौकांवर नेपाळहून आलेले खलाशी काम करतात. म्हणजे काहीतरी समुद्रातच बिनसले आहे.

समुद्रात कोणाची हद्द चालते?

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत मासेमारीचे नियमन राज्याकडे आहे. त्यापुढे २०० मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राकडे. सामान्य मतदाराच्या दृष्टीने पहिल्या भागाचा जाब आमदाराला विचारायचा, दुसऱ्याचा खासदाराला.

राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. त्यानंतरच्या चार दशकांत जाळी आणि नौका बदलल्या. मालवणची रापण पाहिली तर फरक समजतो. एक होडी किनाऱ्यापासून जाळे सोडत अर्धवर्तुळ करते, जाळ्याची दोन्ही टोके वाळूवर उभी माणसे ओढतात आणि मिळालेली मासळी वाटून घेतात. मासा किनाऱ्याजवळ आला तरच रापणीत सापडतो. पर्ससीन नौका खोल पाण्यात पूर्ण थव्याभोवती जाळे फिरवते आणि खालून दोरी आवळून बटव्यासारखे बंद करते. त्यात एलईडीची भर पडली. नौकेवर जनरेटर, पाण्यावर आणि पाण्याखाली प्रखर दिवे. प्रकाशाकडे मासळी गोळा होते, मोठ्याबरोबर पिल्लेही. किनाऱ्यापर्यंत यायचा मासा वाटेतच उचलला जातो.

डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले आणि राज्याच्या हद्दीत सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या हद्दीत एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने १९८१ चा कायदा दुरुस्त केला. आधी पकडलेल्या नौकेची सुनावणी तहसीलदारापुढे व्हायची. आधीच महसुली कामाखाली दबलेल्या त्या टेबलावर प्रकरणे पडून राहत. दुरुस्तीनंतर हा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आला आणि एलईडी मासेमारीचा दंड २० लाख रुपयांपर्यंत गेला. जानेवारी २०२५ पासून ड्रोनने टेहळणी सुरू झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम आणले. त्यात सहकारी संस्थांना प्राधान्य आहे आणि एलईडी, बुल ट्रॉलिंगवर बंदी कायम आहे.

कागदावर आता फारसे काही उरलेले नाही. तरी पारंपरिक मच्छीमारांची आंदोलने थांबलेली नाहीत, कारण ड्रोन फोटो काढतो, नौका पकडून बंदरात आणत नाही. त्यासाठी वेगवान गस्तीनौका, तिचे डिझेल, रात्री समुद्रात जाणारा कर्मचारी आणि सोबत पोलीस लागतात. कर्नाटकातल्या मलपीहून येणारे हायस्पीड ट्रॉलर सिंधुदुर्गच्या हद्दीत घुसतात ही जुनी तक्रार आहे. ती जिल्ह्यातल्या परवाना अधिकाऱ्याकडून सुटणारी नाही, दोन राज्यांच्या मंत्र्यांनीच बसून सोडवायची आहे.

यातली खरी अडचण राजकीय आहे. रापणकर हा मतदार आहे आणि पर्ससीन नौकेचा मालकही. दुसऱ्याकडे पैसा अधिक, खलाशांपासून बर्फाच्या कारखान्यापर्यंत माणसेही अधिक. त्यामुळे आमदार दोन्ही मोर्चांना सामोरा जातो आणि दोन्हींकडे निवेदन स्वीकारतो. गस्तीसाठी किती तरतूद झाली, किती नौकांवर कारवाई झाली, त्यातला किती दंड वसूल झाला, हे तीन प्रश्न विधानसभेत दर अधिवेशनात विचारता येतात. त्याला निधी लागत नाही.

मदत जाहीर होते, पोहोचते कधी?

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळासाठी केंद्र पुरस्कृत बचत-नि-मदत योजना आहे. मच्छीमाराने १,५०० रुपये भरायचे आणि त्यात सरकारचे ३,००० मिळून तीन महिन्यांसाठी ४,५०० रुपये. किराण्याचा हिशेब प्रत्येकाने आपला करावा. डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावाही मिळतो, पण तो सहकारी संस्थांमार्फत आणि तरतूद होईल तसा. नौकामालक आज पंपावर पूर्ण पैसे भरतो आणि परताव्याची वाट बघतो. तोवरचे व्याज त्याच्या खिशातून जाते. मोठा मालक हे सोसतो. लहान मालक व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि मासळी त्याच्याच दराने त्याला देतो.

वादळांचा अनुभवही असाच. क्यार आणि महा ही वादळे २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऐन हंगामात आली. मच्छीमारांसाठी ६५ कोटी १७ लाखांचे विशेष पॅकेज निघाले ते २०२० मध्ये, आणि दरम्यान ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेही होते. आपत्ती निवारणाच्या तेव्हाच्या केंद्रीय निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या होडीला ९,६०० रुपये होते. तेवढ्यात इंजिनही येत नाही. हे निकष नंतर वाढले, पण ते ठरतात दिल्लीत. इथे कोकणचा खासदार आणि ओडिशाचा खासदार यांचे हित एकच आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. निर्णय चांगला आहे. शेतकऱ्याच्या दराने वीज, कर्ज, विमा यांचा मार्ग त्याने मोकळा होतो. मात्र वीज ऊर्जा खात्याकडे, कर्ज बँकांकडे, विमा तिसरीकडेच. प्रत्येक ठिकाणी वेगळा आदेश आणि वेगळा अर्ज. शिवाय पाटी घेऊन गावोगाव मासे विकणाऱ्या बाईच्या नावावर ना नौका, ना परवाना. तिच्यासाठी कृषी दर्जापेक्षा बाजारात ओटा, पाणी आणि बर्फ महत्त्वाचे, आणि ते नगरपंचायतीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हातात आहे.

घराखालची जमीन कोणाची?

अनेक कोळीवाड्यांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांच्या नावावर घराखालची जागा नाही. इतरत्र सातबारावर इतके सहहिस्सेदार आहेत की सहीसाठी अर्धे गाव मुंबईहून बोलवावे लागते. दोन्हीकडे परिणाम एकच, घरावर कर्ज मिळत नाही आणि दुरुस्ती राहून जाते.

किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना इथे महत्त्वाची. दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण भागात ना-विकास पट्टा ५० मीटरचा झाला. त्याहून विरळ वस्तीच्या गावांत तो २०० मीटरच राहिला. कोकणातल्या पसरट वाड्या साहजिकच दुसऱ्या गटात जातात. जोत्याचा आकार आणि घराचे रूप न बदलता राहत्या घरात पर्यटकांना ठेवण्याची मुभा मात्र स्थानिकांना आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमार वस्ती, मासळी सुकवायच्या जागा, जेट्टी, घरांची पुढची गरज हे सगळे दाखवायचे असते. नकाशावर जे नाही, ते उद्या रिकामी सरकारी जमीन म्हणून दुसऱ्याला जाऊ शकते. म्हणून आराखड्याच्या जनसुनावणीला सरपंच कागद घेऊन हजर असणे हे उद्घाटनाच्या फितीपेक्षा मोठे काम आहे.

पालघरमधल्या ७६,२२० कोटींच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. तिथल्या मच्छीमारांच्या विरोधाचे मूळ यातच आहे. जमिनीचा मोबदला मोजता येतो, पण ज्या पाण्यात पिढ्यांनी जाळी टाकली त्याचा सातबारा नसतो.

शाळा आणि एसटी कोणाला विचारायची?

शाळा जिल्हा परिषदेची. पण रत्नागिरी, सिंधुदुर्ग जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. याच काळात, २०२३ मध्ये, २० किंवा त्याहून कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळांऐवजी समूह शाळांचा विचार राज्यात पुढे आला. वाडीतल्या पालकाला जाब विचारायला निवडून आलेला सदस्यच नव्हता. शिक्षण हक्काच्या निकषात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर ते अंतर छोटे दिसते. मध्ये खाडी किंवा घाटी असेल तर पावसाळ्यात सहा वर्षांच्या मुलासाठी ते वेगळेच असते.

स्कॉटलंडने २०१८ मध्ये बेटांसाठी कायदा केला. कोणत्याही नव्या धोरणाचा बेटावरच्या वस्तीवर इतरांपेक्षा वेगळा परिणाम होणार असेल, तर तो आधी तपासणे तिथे सरकारी यंत्रणांना बंधनकारक आहे. अशी तपासणी किनारी तालुक्यांसाठी सुरू करायला मोठा खर्च नाही. शाळा बंद करण्याच्या, एसटीची फेरी रद्द करण्याच्या प्रस्तावाला एक पान जोडावे लागेल, इतकेच.

यात राजकारण्यांचा स्वतःचा काय संबंध?

बराच. मालवण आणि संगमेश्वर हे स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होते. २००८ च्या पुनर्रचनेनंतर ते उरले नाहीत. आज रत्नागिरीतून पाच आणि सिंधुदुर्गातून तीन आमदार निवडून जातात. पुढची जनगणना २०२७ मध्ये होणार आहे आणि मतदारसंघांची नवी आखणी जनगणनेच्या आकड्यांवरच होते. गणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. त्या वर्षीची होळी पौर्णिमा २२ मार्चला येते, म्हणजे शिमग्याला गावी येणारे चाकरमानी तोवर मुंबईत, ठाण्यात, विरारमध्येच मोजले गेलेले असतील.