सिलिंडरचं वय आणि नगरपरिषदेचं अंदाजपत्रक

चिखलदऱ्याचा घाट धुक्यात बुडाला, की परतवाड्याची वाट किती लांबते हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. अशा वेळी दरीतून जखमीला वर काढणाऱ्या अग्निशामकाचं नुसत्या बंबावर भागत नाही. स्ट्रेचर हवं, प्राणवायूचं सिलिंडर हवं. पण पैसा?

पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या अग्निशमन सेवांकरिता 5000 कोटी रुपये सुचवले होते. अनुदान आलं, की सामान येतं, हारतुरे होतात. पुढं मात्र प्रत्येक वस्तूला वय असतं. हृदयाला विजेचा धक्का देणाऱ्या यंत्राची बॅटरी न वापरताही काही वर्षांत संपते. रबरी मुखवटा कपाटातच चिरतो. मग दुसऱ्यांदा अनुदानाची वाट पाहत बसायचं का?

त्यासाठी घसारा निधी. समजा, यंत्र 1,50,000 रुपयांचं आणि आयुष्य 5 वर्षांचं. तर महिन्याला 2,500 रुपये वेगळ्या खात्यात पडले पाहिजेत. भाव चढतात, तेव्हा थोडे जास्तच. आपल्या घरातली बाई भिशीत हेच करते. लहान गावाची घरपट्टी ती किती! पण पाहुणे हजारोंनी येतात. त्यांच्यापासून होणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा अंदाजपत्रकाच्या सभेतच बाजूला काढावा, नाहीतर तो दिवाबत्तीत नि गटारांत जिरतो. आणि बदलीची तारीख फायलीत नको, यंत्राच्या पेटीवरच रंगवावी.