घडीचा चाकू : पाते कोणत्या पोलादाचे घ्यावे?

जालना म्हटले की पोलाद, हे समीकरण आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले आहे. भोकरदन तालुक्यातील केदारखेड्याच्या कारागिराला साहजिकच वाटते की, जिल्ह्यातच एवढे पोलाद तयार होते, तर घडीच्या चाकूच्या पात्यासाठी दूर कशाला जावे? पहिली फसगत येथेच होते. जालन्याच्या कारखान्यांतून मुख्यतः बांधकामाच्या सळया निघतात. सळई वाकली पाहिजे, तुटता कामा नये; म्हणून तिच्यात कार्बन ०.३० टक्क्यांच्या वर नसावा, असे भारतीय मानक सांगते. पात्याला मात्र निदान अर्धा टक्का कार्बन हवा, नाहीतर त्याला पाणी चढत नाही. सळई ठोकून केलेले पाते चमकते छान, पण धार टिकत नाही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

ट्रकच्या कमानीचा पाटा हा आमच्या लोहार-शिकलगार बांधवांच्या ओळखीचा माल. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्का असतो. तो चिवट असतो आणि भंगारात मिळतो. मात्र जुन्या पाट्यात बारीक चिरा असतात, त्या पाहूनच तुकडा कापावा. भट्टीत चुंबक धरेनासा झाला की किंचित आणखी तापवून तेलात बुडवावा. मग मंद आचेवर गवती पिवळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवावा. ही दुसरी आच टाळणाऱ्याचे पाते काचेसारखे तडकते. चाकूच्या पाठीची कमानी त्याच पोलादाची करता येते, पण ती निळ्या रंगापर्यंत उतरवावी लागते.

बेअरिंगचे पोलाद याहून सरस धार धरते. त्यात एक टक्का कार्बन व सुमारे दीड टक्का क्रोमियम असते. पाते उचकटायला वापरले तर तुटेल. पण घडीचा चाकू कापायला असतो, उचकटायला नव्हे. याची खरी खोट गंजाची आहे. मोसंबी कापली की रस पात्यावर राहतो तसा खिळ्याच्या सांध्यातही उतरतो. पाते पुसता येते, सांधा पुसता येत नाही. फळवाल्यांना म्हणून हा चाकू आम्ही सुचवणार नाही.

त्यांना स्टेनलेस हवे, पण कोणते? चुंबक चिकटला नाही की अस्सल स्टेनलेस, ही भांडीबाजारातील पारख चाकूला उलटी लागू पडते. भांड्याचे ३०४ चुंबकाला चिकटत नाही आणि त्याला पाणीही चढत नाही. पात्याचे ४२० किंवा ४४०सी चुंबकाला चिकटते. ४२० स्वस्त, गंजाला दाद न देणारे, पण धार वरचेवर लावावी लागते. ४४०सी मध्ये कार्बन एक टक्क्याच्या आसपास व क्रोमियम १६ ते १८ टक्के असते; धार टिकते, किंमतही चढी. या दोन्हींना हजार अंशांच्या वर नेमकी आच लागते. कोळशाच्या भट्टीत नजरेच्या अंदाजाने ती साधत नाही. अशी पाती एकत्र करून वाळूज-चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत उष्णता प्रक्रिया करणाऱ्यांकडून पाणी देऊन घेणे परवडते.

पारख ही आपल्या मुलखाची जुनीच विद्या आहे. निजामाच्या राज्यात कोनसमुद्रम येथे बनणारे फौलाद इराणपर्यंत जात असे. इस्फहानचा एक व्यापारी तेथे स्वतः उभा राहून मालाचे वजन व चिवटपणा तपासून घेई, अशी नोंद डॉ. व्हॉयसी यांच्या १८३२ साली छापलेल्या टिपणात आहे. आज सहाणयंत्रावर तुकडा टेकवला तरी पुष्कळ कळते. सळईची ठिणगी लांब, सरळ पडते. बेअरिंगची ठिणगी फुलबाजीसारखी फुटते. पाणी दिल्यावर पात्यावरून कानस घसरली पाहिजे. धार लावताना मात्र पाते वरचेवर पाण्यात बुडवावे. कडेला निळी झाक आली की तेवढा भाग नरम पडलाच म्हणून समजा.

विकताना पोलाद कोणते ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. पाट्याच्या चाकूला ‘स्टेनलेस’ म्हणून दिलेला भाव पहिल्या गंजाबरोबर परत मागितला जातो.

आणि एक. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र नियमांच्या कक्षेत येते. घरगुती व शेतीच्या अवजारांना त्यातून सूट आहे. घडीचा चाकू तीन-साडेतीन इंचांचा, नखाने उघडणारा ठेवावा. बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूच्या वाटेला जाऊ नये.