जुन्या बीटलची ऊब : काय जपावे, काय टाकावे?

जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन म्हटले की चकचकीत रंग आणि क्रोमचे बंपर डोळ्यांसमोर येतात. हीटरची पाळी बहुधा सर्वांत शेवटी येते. फोक्सवॅगन बीटलच्या बाबतीत मात्र ही दिरंगाई जिवावर बेतू शकते.

बहुतेक मोटारींत इंजिनातील गरम पाण्यावर हीटर चालतो. बीटलचे इंजिन मागे असून ते हवेने थंड होते. तिच्यात रेडिएटरच नाही. सुरुवातीच्या गाड्यांत इंजिनावरून फिरून तापलेली हवाच थेट आत सोडली जाई. तिच्यासोबत तेलाचा दर्प आणि सांधे सैल असल्यास धूरही येई. १९६२च्या अखेरीस कंपनीने ही रचना बदलली. तेव्हापासून पंख्याची ताजी हवा 'हीट एक्स्चेंजर'मध्ये जाऊ लागली. त्यात एक्झॉस्टच्या पाइपभोवती अॅल्युमिनियमच्या पात्या आणि त्यांवर पत्र्याचे आवरण असते. तापलेली हवा दारांखालील पोकळ पट्ट्यांतून पुढे जाते.

भंगारातून सुटे भाग घेताना ही दोन्ही रूपे ओळखता आली पाहिजेत, कारण ती एकमेकांशी सरसकट जुळत नाहीत. पंख्यावरील पत्र्याच्या आवरणाला जाड नळ्या जोडण्यासाठी डावी-उजवीकडे दोन तोंडे असतील, तर ती ताज्या हवेची रचना समजावी. नोंदणीच्या वर्षावर विसंबू नये. या गाड्यांची इंजिने अनेकदा बदललेली असतात. मूळ एक्स्चेंजर हातात घेताच जड लागतो. स्वस्त पर्यायी भागांत पात्या कमी किंवा मुळीच नसतात. त्यामुळे गाडीत ऊबही कमी पोहोचते.

यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची. बाहेरचा पत्रा गंजला असेल तर तो वेल्डिंगने दुरुस्त करता येतो. अडकलेल्या झडपा व तरफा गंज सोडवणाऱ्या तेलाने मोकळ्या होतात. आतला एक्झॉस्ट पाइप मात्र शाबूतच हवा. त्याला सूक्ष्म छिद्र पडले तरी कार्बन मोनॉक्साइड थेट प्रवाशांपर्यंत पोहोचतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. डोकेदुखी आणि गुंगी येईपर्यंत त्याचा सुगावा लागत नाही. म्हणून पाइपचे एक तोंड घट्ट बंद करून दुसऱ्या तोंडातून कमी दाबाची हवा सोडावी आणि एक्स्चेंजर पाण्यात बुडवावा. पाइपातून बुडबुडे आले, तर ठिगळ लावण्याच्या फंदात न पडता तो भाग बाद करावा. त्याच्या झडपा व तरफा तेवढ्या काढून ठेवाव्यात. जुन्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. तो कोरडा घासू नये. ओला करूनच काढावा.

मुंबई-पुण्यात हीटर हवाच कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. पावसाळ्यात समोरच्या काचेवर धरणारी वाफ घालवायला हीच हवा उपयोगी पडते. शिवाय एक्स्चेंजर हा एक्झॉस्टचाच भाग असल्याने त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. तो काढून साधा पाइप बसवता येतो. मात्र मग पंख्याच्या आवरणाची दोन्ही तोंडे बंद करावी लागतात. तसे न केल्यास इंजिनाला थंड करणारी हवा बाहेर निसटते.

दारांखालील पट्ट्याही विसरू नयेत. त्या केवळ हवा वाहून नेत नाहीत, तर गाडीच्या सांगाड्याला बळकटीही देतात. तेथील गंज काढल्याशिवाय वरच्या रंगावर खर्च करणे व्यर्थ ठरते.