वाढत्या वयातील पोषण आणि वजन : चेन्नईच्या शाळांचे उदाहरण

या पाठात आपण किशोरवयातील पोषण आणि वजन यांचा विचार करणार आहोत. किशोरवय म्हणजे साधारण १० ते १९ वर्षे. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकणारे तुमच्यापैकी बरेच जण अजून त्याच वयात आहेत, बाकीचे नुकतेच त्यातून बाहेर पडले आहेत. म्हणजे हा विषय दुसऱ्या कोणाचा नाही.

सुरुवात चेन्नईपासून करू. तेथील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन या संस्थेने शहरातील खासगी आणि सरकारी शाळांमधील ६ ते १७ वर्षांच्या जवळजवळ १९,००० मुलामुलींची उंची व वजन मोजले. 'ऑरेंज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आंतरराष्ट्रीय निकष लावला तेव्हा खासगी शाळांत २१.४ टक्के मुले जास्त वजनाची किंवा लठ्ठ आढळली, तर सरकारी शाळांत ३.६ टक्के. एकाच शहरातली, एकाच वयाची मुले, पण फी भरण्याच्या ऐपतीनुसार वजनात एवढे अंतर.

मग त्याच मुलांच्या त्याच मापांना दुसरा निकष लावला गेला. आकडे झाले २६.४ आणि ४.६. एकाही मुलाचे वजन मधल्या काळात वाढले नव्हते. फक्त मोजपट्टी बदलली, आणि खासगी शाळांतली शंभरातली पाच मुले 'ठीक' या रकान्यातून 'जास्त वजन' या रकान्यात गेली. हा दुसरा निकष पुण्यातला, डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी भारतीय मुलांसाठी सुचवलेला. भारतीय मुलांसाठी वेगळी मोजपट्टी का लागावी, हे समजले की या विषयाचा निम्मा भाग समजला असे म्हणायला हरकत नाही.

वजन मोजायचे कशाने?

नुसत्या किलोवरून काही कळत नाही. उंच माणसाचे वजन जास्त असणारच. म्हणून वजनाला उंचीच्या वर्गाने भागतात (वजन किलोग्रॅममध्ये, उंची मीटरमध्ये) आणि येणाऱ्या आकड्याला बॉडी मास इंडेक्स किंवा बीएमआय म्हणतात. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात क्वेटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने मांडले. त्याला लोकसंख्येतला 'सरासरी माणूस' शोधायचा होता, कोणाच्या तब्येतीचे निदान करायचे नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आज मोबाइलवरचे कोणतेही ॲप हा आकडा दाखवून क्षणात निकाल देते.

प्रौढांसाठी हा आकडा कामचलाऊ आहे. किशोरवयात मात्र त्याचा अर्थ वयानुसार आणि मुलगा की मुलगी यानुसार बदलतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. या काळात मुलींच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढते आणि ते वाढायलाच हवे, पाळी सुरू होणे आणि नियमित राहणे त्यावर अवलंबून असते. मुलांमध्ये स्नायू वाढतात. तेव्हा ११ वर्षांच्या मुलाचा २१ बीएमआय आणि १८ वर्षांच्या मुलाचा २१ बीएमआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याकडे लक्ष द्यायला हवे, दुसऱ्याचे ठीक आहे.

म्हणून डॉक्टर आकडा न पाहता तक्ता पाहतात. इंडियन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी सुधारित वाढतक्ते दिले. त्यात बीएमआयच्या दोन रेघा महत्त्वाच्या आहेत : प्रौढपणी २३ ला जुळणारी आणि २७ ला जुळणारी. पहिलीच्या वर जास्त वजन, दुसरीच्या वर लठ्ठपणा. जगात इतरत्र प्रौढांसाठी ही सीमा २५ आणि ३० अशी धरतात. आपल्याकडे ती खाली का आणली?

सडपातळ, तरीही चरबी

याचे उत्तरही पुण्याकडेच जाते. केईएम हॉस्पिटलमधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आकडा एक असूनही चरबी दुपटीहून जास्त. दोन डॉक्टरांनी स्वतःलाच उदाहरण म्हणून उभे केले, आणि सबंध पुस्तकाने झाले नसते ते काम एका छायाचित्राने केले.

याचे मूळ जन्मापर्यंत जाते. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिक यांच्या गटाने १९९० च्या दशकात गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंत आणि अवयवांच्या आकारात बरीच मागे होती, पण त्वचेखालच्या चरबीत तितकी मागे नव्हती. म्हणजे लहान, हडकुळे दिसणारे बाळही चरबी राखून जन्माला येते. पुढे त्याच शरीराला भरपूर पिष्टमय अन्न आणि कमी हालचाल मिळाली, की मधुमेह आणि रक्तदाब पाश्चात्त्य माणसापेक्षा कमी वजनावर आणि कमी वयात गाठतात. चेन्नईच्या त्या पाहणीत जास्त वजनाच्या मुलांपैकी सुमारे २० टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला होता, बाकीच्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. ही शाळकरी मुले आहेत, हे विसरू नका.

यावरून दोन गोष्टी निघतात. वजन थोडे वाढले तरी आपल्याकडे ते मनावर घ्यावे, ही पहिली. दुसरी बहुतेकांच्या लक्षात येत नाही : सडपातळ असणे म्हणजे निरोगी असणे नव्हे. सरकारी शाळांचा ३.६ टक्के हा आकडा वाचून समाधान मानणे चूक ठरेल. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुले वयाच्या मानाने कृश आढळली, जास्त वजनाची ५ टक्के. आणि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींना आणि ३१ टक्के मुलांना रक्तक्षय होता. वजनकाटा यातले काहीच सांगत नाही.

ताटात काय असावे

या वयाची भूक मोठी असते, आणि ती खरी असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे १६ ते १८ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३,३२० किलोकॅलरी लागतात, मुलीला २,५००. मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढ पुरुषासाठी हा आकडा २,७१० आहे. म्हणजे अकरावीतला मुलगा वडिलांपेक्षा जास्त जेवतो, यात त्याचा हावरटपणा नसतो. प्रथिने याच वयाच्या मुलाला ५५ ग्रॅम आणि मुलीला ४६ ग्रॅम, कॅल्शियम दोघांनाही १,०५० मिलिग्रॅम. लोहाच्या बाबतीत मात्र मुलीची गरज जास्त आहे : मुलाला २६, मुलीला ३२ मिलिग्रॅम. ज्या घरात मुलगी सर्वांत शेवटी आणि उरलेले जेवते, तिथे हे गणित नेमके उलटे होते.

मग गफलत कुठे होते? चेन्नईत प्रौढांच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा दिवसाच्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी पॉलिश केलेल्या धान्यातून, मुख्यतः पांढऱ्या तांदळातून येत असल्याचे दिसले. सकाळी इडली, दुपारी सांबारभात, रसमभात आणि शेवटी दहीभात, रात्री डोसा. पदार्थ पाच, धान्य एकच. महाराष्ट्रात आपण पोहे, साबुदाण्याची खिचडी, वरणभात आणि मधल्या वेळी वडापाव खाऊन हेच करतो. भात वाईट नाही. ताटात भाताने इतकी जागा अडवली की डाळ, भाजी आणि दुधाला जागाच उरत नाही, हे वाईट आहे. इडलीत उडीद डाळ असते खरी, पण तांदळाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढीच.

उपायही त्याच शहरात, मरीना बीचवर कागदाच्या पुडीत मिळतो. सुंडल म्हणजे वाफवलेले हरभरे किंवा वाटाणे, त्यावर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि खवलेला नारळ. आपल्या कोरड्या उसळीचा हा सख्खा भाऊ. ३० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे एका अंड्याइतकी. मोड आलेली मटकी, शेंगदाणे, ज्वारी-नाचणीची भाकरी, शेपू-मेथी-राजगिऱ्याची भाजी, ताक, परवडत असेल आणि चालत असेल तर अंडी-मासे : एवढ्यात सगळे येते. पालेभाजीवर लिंबू पिळले की त्यातले लोह जास्त शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा किंवा फिल्टर कॉफी घेतली की कमी.

शाळेतल्या जेवणाची कथा इथे सांगायलाच हवी. १९२० मध्ये मद्रास महापालिकेने, पी. त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, थाउजंड लाइट्स भागातील शाळेत मुलांना दुपारी खायला देण्याचा ठराव केला. खर्चाची मर्यादा होती मुलामागे दिवसाला एक आणा. १९५६ मध्ये के. कामराज यांनी राज्यात ही योजना रुजवली, १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ती खूप मोठी केली. सुरुवातीला प्रश्न पोट भरण्याचा होता, मुले भुकेपोटी शाळेत येत नव्हती. पुढे त्याच भातासोबत कडधान्य आणि अंडे आले. अंडे न खाणाऱ्यांना केळे मिळते. केळे चांगलेच आहे, पण त्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम, म्हणून माझ्या मते तिथे सुंडलच द्यावे. आणखी एक गोष्ट : हे जेवण दहावीपर्यंतच मिळते. गरज सर्वांत जास्त असते ती १६ ते १८ या वयात, आणि नेमके तेव्हा ताट उचलले जाते.

वजन 'कमी' करायचे की आवरायचे?

समजा १३ वर्षांच्या एका मुलाची उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ५४ किलो आहे. ५४ भागिले २.२५, म्हणजे बीएमआय २४. त्या वयाला हा आकडा जास्तच. घरचे घाबरतात, भात-पोळी बंद करतात. आता दुसरी वाट पाहा. तो नीट जेवतो, रोज खेळतो, आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्याची उंची १६५ सेंटिमीटर होते, वजन ५७ किलो. ५७ भागिले २.७२, म्हणजे सुमारे २१. वजन ३ किलोने वाढले, तरी बीएमआय तीनने उतरला. वाढत्या वयाला ही सवलत आहे : उंची काम करते, आपण तिला वेळ द्यायचा. प्रौढांचे 'महिन्यात पाच किलो' छापाचे आहार या वयात घेतले तर चरबीबरोबर स्नायूही जातात, हाडांना कॅल्शियम कमी पडते, मुलींची पाळी थांबू शकते. आणि उपाशी राहण्याचा पुढचा टप्पा बहुधा बकाबका खाणे हाच असतो.

मग करायचे काय? सर्वांत आधी गोड पेये. ३०० मिलिलीटर शीतपेयात सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे. ती पोटाला जाणवतही नाही, त्यामुळे जेवण तेवढेच राहते. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-साखर-मिठाचे पदार्थ विकू नयेत असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला. पन्नास मीटर चालून जायला किती वेळ लागतो, हे तुम्हीच सांगा. दुसरे, रोज किमान एक तास अंग हलेल असे काही. जागतिक आरोग्य संघटना १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना हेच सांगते. खासगी शाळांतली मुले बसने जातात, शिकवणीला बसतात, मोबाइलवर खेळतात. मुलींना तर मैदान वय वाढेल तसे नाकारले जाते. तिसरे, झोप. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, आणि रात्री एकला लागणारी भूक मुगाची उसळ मागत नाही.

मानेवर काळसर, मखमली पट्टा दिसू लागला, पाळी फार अनियमित झाली, झोपेत मोठ्याने घोरणे सुरू झाले किंवा अचानक वजन उतरले, तर डॉक्टरांना भेटावे. जेवणानंतर मुद्दाम उलटी करणे, लपून खाणे, आरशासमोर सतत स्वतःला दूषणे देणे हेही आजारच आहेत, त्यांना 'नखरे' म्हणू नये. 'जाडी', 'काडी' ही टोपणनावे ज्याने लहानपणी ऐकली आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चिडवल्याने वजन उतरत नाही, मूल मैदानावर जायचे मात्र बंद होते.

पुढील तासासाठी अभ्यास : आपल्या वसतिगृहाच्या खाणावळीचा किंवा कॉलेजच्या कँटीनचा एका आठवड्याचा खाद्यपदार्थांचा फलक उतरवून आणा. त्यात किती पदार्थ एकाच धान्याचे आहेत, डाळ-कडधान्य किती वेळा आले, पालेभाजी आली का, आणि तुमच्या जवळच्या पैशांत उसळ मिळते की वडापावच, हे लिहा. स्वतःचे किंवा मित्राचे वजन लिहू नका.